कुलूप जागेवर, तरी दार बंद: एका अनसॅटिस्फाइडलिंकएररची उकल

अनसॅटिस्फाइडलिंकएरर म्हणजे जावाला दुसऱ्या भाषेत लिहिलेली लायब्ररी, किंवा तिच्यातलं एखादं फंक्शन, जोडता न आल्याची त्रुटी. आधी मांडणी सांगतो. आमच्याकडे जुन्या दस्तांचा संग्रह सांभाळणारी एक जावा सेवा आहे. दस्त आत जाताना कूटबद्ध होतो आणि कोणी मागितला की उलगडून दिला जातो. पासवर्डवरून चावी काढायला एसक्रिप्ट वापरलं आहे. जावा ८ च्या स्वतःच्या जेसीईमध्ये (जावासोबत येणारा कूटबद्धीकरणाचा संच) त्याच कामाचं पीबीकेडीएफ२ आहे, एसक्रिप्ट नाही. ओपनएसएसएल या सीमधल्या कूटबद्धीकरणाच्या लायब्ररीत ते १.१.० पासून आहे. म्हणून मी टीममध्ये येण्यापूर्वी कोणीतरी सी भाषेत चारेकशे ओळींचा एक पूल लिहिला होता. जावा जेएनआयमार्गे (जावातून सी कोड चालवायची सोय) त्या सी कोडला हाक मारणार, आणि तो कोड ओपनएसएसएलच्या लिबक्रिप्टोला. या लायब्ररीचं नाव कुलूप, म्हणजे डिस्कवर लिबकुलूप.एसओ. सगळ्यात जुन्या काही फाइली ब्लोफिश या जुन्या कूटपद्धतीने बंद केलेल्या होत्या, त्याही याच पुलावरून उघडायच्या.

बरीच वर्षं त्याला कोणी हात लावला नाही. मग सर्व्हर उबुंटू २०.०४ वरून २२.०४ वर नेला. जावा तेच राहिलं, जार (जावा कोडचं गाठोडं) तीच राहिली, लिबकुलूप.एसओसुद्धा जशीच्या तशी कॉपी केली. सेवा सुरू झाली, हेल्थ चेक हिरवा झाला, आणि पहिल्या दस्ताच्या मागणीपासून लॉग भरायला लागला.

लॉगमध्ये जी त्रुटी दिसत होती ती लिंकची नव्हतीच. ‘नोक्लासडेफफाउंडएरर: कुड नॉट इनिशिअलाइझ क्लास कुलूपसेतू’, हे एकच वाक्य हजारो वेळा. साहजिकच सगळे जार तपासायला धावले. क्लासपाथ बघितला, जार उघडून क्लास आहे का ते बघितलं, होता. अर्धा दिवस यातच गेला.

इथे जेव्हीएमचा, म्हणजे जावा कोड चालवणाऱ्या यंत्रणेचा, एक नियम माहीत असता तर तो अर्धा दिवस वाचला असता. कुलूपसेतू या क्लासच्या स्टॅटिक ब्लॉकमध्ये सिस्टिम.लोडलायब्ररी होतं. स्टॅटिक ब्लॉक चालताना त्रुटी आली की जेव्हीएम तो क्लास कायमचा बाद ठरवते. खरी त्रुटी फक्त पहिल्यांदा हाक मारणाऱ्याच्या पदरात पडते. त्यानंतर येणाऱ्या प्रत्येकाला, जुन्या जावात तरी, ‘हा क्लास सुरू होऊ शकला नाही’ एवढंच ऐकवलं जातं, का ते नाही. आमच्याकडे पहिली हाक मारणारा होता सुरुवातीची तयारी करणारा एक थ्रेड, आणि ते काम एक्झिक्युटरच्या सबमिटने टाकलं होतं. सबमिट केलेल्या कामातली त्रुटी फ्यूचरमध्ये जाऊन बसते आणि कोणी गेट केल्याशिवाय बाहेर येत नाही. गेट कोणी करत नव्हतं. वर त्या कामात ‘कॅच एक्सेप्शन’ होतं. पण अनसॅटिस्फाइडलिंकएरर ही एररच्या वंशातली, एक्सेप्शनच्या नाही, त्यामुळे त्या जाळ्यातून ती सहज निसटली. खरं कारण एकदाच बोललं होतं, आणि तेही बंद खोलीत.

स्टॅटिक ब्लॉकमध्येच थ्रोएबल पकडून, लॉग करून, पुन्हा फेकलं. सेवा पुन्हा चालू केली. आता खरा संदेश दिसला: ‘नो कुलूप इन जावा.लायब्ररी.पाथ’.

फाइलच सापडत नाही

हा संदेश त्यातल्या त्यात प्रामाणिक. जेव्हीएमने लोडलायब्ररीला दिलेल्या नावाला लिनक्सच्या रिवाजाप्रमाणे पुढे ‘लिब’ आणि मागे ‘.एसओ’ लावलं, जावा.लायब्ररी.पाथमधल्या एकेका फोल्डरात शोधलं, आणि हात हलवत परत आली. अजून ऑपरेटिंग सिस्टिमच्या लोडरपर्यंत गोष्ट पोहोचलेलीच नाही.

जुन्या सर्व्हरवर हे चालत होतं ते एका योगायोगाने. तिथे सेवा एका शेल स्क्रिप्टने सुरू व्हायची आणि त्या स्क्रिप्टच्या वरच एलडी_लायब्ररी_पाथ एक्सपोर्ट केलेला होता. लिनक्सवर जावा.लायब्ररी.पाथ आपण वेगळा दिला नाही, तर जेव्हीएम एलडी_लायब्ररी_पाथमधले फोल्डर घेते आणि त्यामागे स्वतःचे ठरलेले जोडते. म्हणजे एकच व्हेरिएबल दोन कामं करत होता. नव्या सर्व्हरवर सेवा सिस्टिमडीकडे (लिनक्सवर सेवा सुरू करणारा व्यवस्थापक) दिली, आणि सिस्टिमडी लॉगिन शेलमधली व्हेरिएबल उचलत नाही. म्हणून आपापल्या जुन्या मशीनवर हाताने टर्मिनलवरून चालवलं की चालायचं आणि नव्या सर्व्हरवर सेवा म्हणून चालवलं की पडायचं. ‘माझ्याकडे तर चालतंय’ हे वाक्य त्या दिवशी तीन जणांनी म्हटलं, आणि तिघंही खरं बोलत होते.

उपाय करताना दोन चुका झाल्या. एकाने लोडलायब्ररीत ‘कुलूप’ऐवजी ‘लिबकुलूप.एसओ’ असं पूर्ण नाव लिहिलं. जेव्हीएम मग लिबलिबकुलूप.एसओ.एसओ नावाची फाइल शोधत बसली. दुसऱ्याने मेन मेथडच्या पहिल्याच ओळीत सिस्टिम.सेटप्रॉपर्टीने जावा.लायब्ररी.पाथ बदलला. प्रॉपर्टी छापून बघितली तर बदललेली दिसते, शोध मात्र जुन्याच फोल्डरांत चालतो, कारण जेव्हीएम ती यादी एकदाच वाचून जपून ठेवते, आणि मेनपर्यंत पोहोचण्याआधीच तिने स्वतःच्या लायब्ररींसाठी ती वाचलेली असते. तो जपलेला साठा रिफ्लेक्शनने पुसायची एक युक्ती जावा ८ वर चालते. नव्या जावात चालत नाही, आणि चालली असती तरी मी ती पुढे जाऊ दिली नसती. जावा सुरू करतानाच कमांड लाइनवर वजा-डीने पाथ द्यायचा, विषय संपला. सिस्टिमडीच्या युनिट फाइलमध्ये तेवढी एक ओळ घातली.

फाइल सापडली, सोबती हरवला

पुढचा संदेश असा: लिबकुलूप.एसओचा पूर्ण पाथ, मग विसर्गचिन्ह, मग ‘लिबक्रिप्टो.एसओ.१.१: कॅनॉट ओपन शेअर्ड ऑब्जेक्ट फाइल: नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’.

या संदेशाइतका फसवा संदेश या सगळ्या प्रकरणात दुसरा नव्हता. माणूस सुरुवात वाचतो, शेवट वाचतो, मधलं सोडतो. लिबकुलूप.एसओ, नो सच फाइल. मग एलएस करून फाइल दाखवतो, परवानग्या बघतो, ७७७ करतो. फाइल तिथेच आहे. नाहीशी आहे ती मधली, लिबक्रिप्टो.एसओ.१.१. उबुंटू २०.०४ मध्ये ओपनएसएसएल १.१.१ येतं, २२.०४ मध्ये ३.०. तिथे लिबक्रिप्टोचं नाव लिबक्रिप्टो.एसओ.३.

जावाच्या बाजूने विचार करणाऱ्यांना इथे एक गोष्ट सतत खटकते. जावा.लायब्ररी.पाथ फक्त पहिल्या फाइलीपुरता असतो. ती सापडली की जेव्हीएम डीएलओपनला, म्हणजे लायब्ररी मेमरीत आणणाऱ्या सिस्टिमच्या फंक्शनला, हाक मारते आणि बाजूला होते. त्या फाइलीला आणखी कोणत्या लायब्ररी लागतात, त्या कुठे शोधायच्या, हे सगळं ऑपरेटिंग सिस्टिमचा लोडर ठरवतो: एलडी_लायब्ररी_पाथ, लायब्ररीत कोरलेला रनपाथ, एलडीकॉन्फिगचा साठा, मग ठरलेले फोल्डर. लिबक्रिप्टोची फाइल जावा.लायब्ररी.पाथच्या फोल्डरात लिबकुलूपच्या अगदी शेजारी आणून ठेवली तरी लोडर तिकडे ढुंकून बघणार नाही. आम्ही ठेवून बघितली. नाहीच बघितलं.

एलडीडी चालवलं की हे एका नजरेत कळतं: लागणाऱ्या लायब्ररींची यादी येते आणि जी नाही तिच्यासमोर ‘नॉट फाउंड’. पण एलडीडी ज्या शेलमध्ये चालवाल त्या शेलचं वातावरण वापरतं, सेवेचं नाही. म्हणून ते त्याच युजरने, त्याच व्हेरिएबलसह चालवायचं. तरीही शंका राहिली तर एलडी_डीबग=लिब्स लावून जावाच सुरू करायची. लोडर कुठे कुठे शोधतो ते ओळीने छापतो. गोंगाट फार, पण खोटं बोलत नाही.

मग तो मोह झालाच. चाचणीच्या मशीनवर एका सहकाऱ्याने सिमलिंक केली: लिबक्रिप्टो.एसओ.१.१ या नावाने लिबक्रिप्टो.एसओ.३ कडे बोट. नाव मागतात ना, घ्या नाव. लोडर त्याला फसला नाही. ‘व्हर्जन ओपनएसएसएल_१_१_० नॉट फाउंड’ असं म्हणून त्याने पुन्हा दार लावलं. ओपनएसएसएल आपल्या प्रत्येक फंक्शनवर आवृत्तीचा शिक्का मारतं आणि लिबकुलूप जुन्या शिक्क्याचं फंक्शन मागत होतं. हा शिक्का नसता तर? लायब्ररी लोड झाली असती, फंक्शनांची नावं जुळली असती, आणि एखाद्या बदललेल्या स्ट्रक्चरवर मेमरी बिघडून कूटबद्ध दस्तात काय गेलं हे कोणालाच कळलं नसतं. लिंकची त्रुटी आली म्हणून चिडायचं नसतं, असं मला फक्त त्या एका क्षणी वाटलं.

दुसरा सोपा रस्ता होता जुनं १.१.१ चं पॅकेज नव्या सर्व्हरवर बसवण्याचा. चाललं असतं. पण ओपनएसएसएल प्रकल्पाने १.१.१ चा सार्वजनिक आधार ११ सप्टेंबर २०२३ ला थांबवला आहे. दस्तांची गुपितं राखणाऱ्या लायब्ररीखाली दुरुस्ती बंद झालेला पाया घालायचा, हे मला पटलं नाही. वाद झाला, थोडा आवाजही चढला. शेवटी पूल नव्या ओपनएसएसएलवर पुन्हा बांधायचं ठरलं.

लोड झाली, पण हाक ऐकेना

सोर्स सापडला, मेकफाइल सापडली नाही. नवी लिहिली. बिल्ड झाला, सेवा उठली, लोडलायब्ररी बिनतक्रार पार पडलं. पहिल्या दस्ताला पुन्हा अनसॅटिस्फाइडलिंकएरर. या वेळी कारण वगैरे काहीच नाही, विसर्गचिन्हानंतर नुसतं पॅकेज, क्लास, मेथड आणि कंसात तिचे प्रकार. एवढंच.

असा नुसत्या मेथडच्या नावाचा संदेश दिसला की पाथ, फोल्डर, एलडीडी सगळं विसरायचं. लायब्ररी आत आली आहे. जेव्हीएम तिच्यात एका ठरावीक नावाचं फंक्शन शोधते आहे आणि ते मिळत नाही. म्हणूनच ही त्रुटी लोड करताना येत नाही, मेथडला पहिली हाक गेली की येते, आणि म्हणूनच हेल्थ चेक हिरवाच राहतो.

ते ठरावीक नाव असं बनतं: आधी ‘जावा’, मग अंडरस्कोर, मग पॅकेजसह क्लासचं नाव, त्यातल्या प्रत्येक टिंबाच्या जागी अंडरस्कोर, शेवटी मेथड. आमचं पॅकेज पूर्वी संग्रह.जुने होतं. मधल्या काळात कोणीतरी साफसफाई करताना ते संग्रह.जुने_दस्त केलं, आणि सीमध्ये फंक्शनचं नाव हाताने बदललं: जावा_संग्रह_जुने_दस्त_कुलूपसेतू_चावीकाढ. दिसायला बरोबर. पण अंडरस्कोर आधीच टिंबासाठी खर्च झालेला असल्यामुळे मूळ नावातला अंडरस्कोर ‘_१’ असा लिहावा लागतो. म्हणजे खरं नाव जावा_संग्रह_जुने_१दस्त_कुलूपसेतू_चावीकाढ. (ही नावं मी इथे देवनागरीत लिहितो आहे. कोडमध्ये खरोखर देवनागरी नावं असती तर प्रत्येक अक्षर अंडरस्कोर, शून्य आणि चार आकडी हेक्स असं झालं असतं, आणि हा परिच्छेद मी लिहिलाच नसता.)

हा बदल झाला होता खूप आधी, पण नव्या नावाची जार कधी सर्व्हरवर गेलीच नव्हती. या वेळी बिल्ड पुन्हा केला तेव्हा जार आणि लायब्ररी दोन्ही नव्या आल्या आणि झाकलेली चूक उघडी पडली. एनएम -डी लावून लायब्ररीतून बाहेर दिसणारी नावं काढली, जावासी -एचने हेडर तयार केला, दोन्ही शेजारी ठेवले. फरक एका अक्षराचा. हे नाव हाताने लिहायचंच नाही. हेडर बनवायचा, तो सी फाइलमध्ये इन्क्लूड करायचा आणि नाव त्यातूनच उचलायचं, म्हणजे प्रकार जुळले नाहीत तर निदान कंपायलर कुरकुरतो. फाइल सी++ ची असेल तर हेडर दुप्पट गरजेचा, कारण ‘एक्स्टर्न सी’ त्याच्यातच असतं. ते नसलं की सी++ नावाची अशी मोडतोड करतं की जेव्हीएमला ते सापडतच नाही.

त्रुटीही नाही, सेवाही नाही

नाव दुरुस्त केलं. आता पहिल्या दस्ताला सेवाच नाहीशी झाली. स्टॅक ट्रेस नाही, अनसॅटिस्फाइडलिंकएरर नाही, जेव्हीएम कोसळली की मागे ठेवते ती एचएस_ईआरआर फाइलही नाही. जावाच्या लॉगमध्ये शेवटची ओळ अर्ध्या कामातली. मला या टप्प्यावर खरोखर घाम फुटला, कारण ज्या साधनांनी आम्ही आतापर्यंत शोधत होतो त्यातलं एकही बोलत नव्हतं.

सिस्टिमडीच्या जर्नलमध्ये एक ओळ मिळाली: ‘सिम्बॉल लुकअप एरर... अनडिफाइन्ड सिम्बॉल: ईव्हीपी_पीबीई_एसक्रिप्ट’, आणि एक्झिट कोड १२७. म्हणजे जेव्हीएम कोसळलीच नव्हती. तिच्या पोटात बसलेल्या लोडरने सगळी प्रोसेस संपवली होती.

घडलं ते असं. हॉटस्पॉट जेव्हीएम लायब्ररी उघडताना लोडरला आळशी जोडणी मागते: फंक्शनांचे पत्ते आता शोधू नकोस, ज्याला हाक जाईल त्याचा तेव्हा शोध. त्यामुळे लिबक्रिप्टोतलं फंक्शन मुळात उपलब्धच नाही हे लोड करताना कळलं नाही. कळलं ते सी कोड ऐन मध्यावर असताना. त्या क्षणी लोडरजवळ त्रुटी परत करायला कोणी नसतं. जावाला एक्सेप्शन देणं त्याच्या गावीही नाही. तो एक ओळ छापतो आणि प्रोसेस बंद करतो.

पण लिबक्रिप्टो तर जोडली होती! रीडएल्फ -डीने लायब्ररीला काय काय लागतं ते बघितलं: त्यात लिबसी होती, लिबक्रिप्टोचं नावच नव्हतं. दोष माझ्या नव्या मेकफाइलचा. मी ‘-एलक्रिप्टो’ ऑब्जेक्ट फाइलच्या आधी लिहिलं होतं. उबुंटूचा जीसीसी लिंकरला ‘ॲज-नीडेड’ आपणहून देतो, आणि लिंकर डावीकडून उजवीकडे वाचतो. लिबक्रिप्टो समोर आली तेव्हा तिची गरज असलेली फाइल अजून वाचलीच नव्हती, म्हणून त्याने ती अनावश्यक समजून गाळली. शेअर्ड लायब्ररी बनवताना अपुरी नावं राहिली तरी लिंकर तक्रार करत नाही, कोणीतरी नंतर देईल असं धरून चालतो. बिल्ड हिरवा.

‘-एलक्रिप्टो’ ओळीच्या शेवटी नेलं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे लिंकरला दोन पर्याय दिले: झेड-डेफ्स, म्हणजे एकही नाव अधांतरी राहिलं तर बिल्ड तिथेच मोडेल, आणि झेड-नाऊ, म्हणजे सगळे पत्ते लोड करतानाच शोधले जातील. झेड-नाऊ असताना हीच चूक पुन्हा मुद्दाम करून बघितली, तेव्हा लोडलायब्ररीनेच साधा, वाचता येणारा, पकडता येणारा अनसॅटिस्फाइडलिंकएरर दिला. इतक्या दिवसांनी तो दिसल्यावर हायसं वाटलं.

आणि मग ब्लोफिश

लिंकचं प्रकरण इथे संपलं. एसक्रिप्टने चावी निघाली, नवे दस्त उघडले. सगळ्यात जुने मात्र नलपॉइंटरएक्सेप्शन देऊ लागले. ओपनएसएसएल ३ मध्ये ब्लोफिश, आरसी४, साधा डीईएस ही मंडळी ‘लेगसी’ नावाच्या वेगळ्या प्रोव्हायडरमध्ये हलवली आहेत, आणि तो आपणहून लोड होत नाही. फंक्शनचं नाव आहे, लिंक होतं, हाकही जाते. आतून उत्तर मात्र ‘अनसपोर्टेड’. आमचा सी कोड ते उत्तर गिळून जावाला नल परत करत होता.

लेगसी प्रोव्हायडर कोडमधून लोड करता आला असता, फक्त तो हाताने लोड केला की डिफॉल्टसुद्धा हाताने लोड करावा लागतो, नाहीतर बाकीचं सगळं बंद. आम्ही तसं केलं नाही. ब्लोफिश जावाच्या जेसीईमध्ये फार पूर्वीपासून आहे. १२८ बिटांची चावी, सीबीसी आणि पीकेसीएस५ पॅडिंग दिलं की ओपनएसएसएलने बंद केलेली फाइल तिथे जशीच्या तशी उघडते. सीमधला तो भाग पुसून टाकला. चारेकशे ओळींचा पूल दीडशेवर आला.

पूल पूर्णच पाडता आला असता का? बाउन्सी कॅसल या जावा लायब्ररीत एसक्रिप्ट शुद्ध जावात आहे, त्यामुळे हो, आला असता. माझं मत तेच होतं आणि आहे. पण सर्व्हर बंद असताना अवलंबित्व बदलायला कोणी राजी होत नाही, आणि सुरू झाल्यावर कोणाला गरज वाटत नाही.

त्याऐवजी एक गोष्ट मात्र घातली. सेवा सुरू होतानाच प्रत्येक नेटिव्ह मेथडला एकदा हाक जाते. एसक्रिप्टसाठी आरएफसी ७९१४, म्हणजे एसक्रिप्टचा तपशील सांगणारा जाहीर दस्तऐवज, त्यातला नमुना वापरला: पासवर्ड म्हणून ‘पासवर्ड’ हाच इंग्रजी शब्द, सॉल्ट म्हणून मिठाचं रासायनिक सूत्र, एन १०२४, आर ८, पी १६. उत्तर आरएफसीत छापलेलं आहे. जुळलं तरच हेल्थ चेक हिरवा. फाइल नसो, सोबती नसो, नाव चुको, सिम्बॉल अधांतरी असो, दस्ताची मागणी येण्याआधीच सेवा पडते.

आमच्या वाट्याला न आलेली दुखणीही आहेत, इतरांकडून ऐकलेली. एक्स८६ साठी बांधलेली लायब्ररी एआरएमवर नेली की जेव्हीएम संदेशात ‘पॉसिबल कॉज’ म्हणून स्वतःच तसं सुचवते. ग्लिबसी या नेहमीच्या सी लायब्ररीवर बांधलेली लायब्ररी अल्पाइन लिनक्सच्या मसल या वेगळ्या सी लायब्ररीवर गेली की लोडर न मिळण्यापासून अनोळखी सिम्बॉलपर्यंत काहीही निघतं. जारमधून एसओ फाइल टेम्प फोल्डरात उलगडणाऱ्या लायब्ररी, टेम्प नोएक्झेक माउंट असेल (तिथला कोड चालवायला मनाई असेल) तर, ‘फेल्ड टू मॅप सेगमेंट’ म्हणतात. ॲप्लिकेशन सर्व्हरवर तेच ॲप पुन्हा डिप्लॉय केलं तर ‘ऑलरेडी लोडेड इन अनदर क्लासलोडर’. सगळ्यांच्या कपाळावर नाव एकच: अनसॅटिस्फाइडलिंकएरर.

महिनाभराने चाचणीच्या मशीनवर दुसऱ्याच टीमचं एक साधन बसवायचं होतं, तेही १.१ मागणारं. ते सुरू होताच म्हणालं, ‘व्हर्जन ओपनएसएसएल_१_१_० नॉट फाउंड’. लिबक्रिप्टो.एसओ.१.१ फोल्डरात दिसत होती. त्यांनी दोन तास घालवल्यावर कोणीतरी एलएस -एल केलं, आणि ती सिमलिंक अजून तिथेच ३ कडे बोट दाखवत उभी होती.